करडं ब्लँकेट

फोटोबाईला हे नाव तिच्या नणंदेनं दिलं. पहिल्याच भेटीत 'तू काम काय करतेस' असं विचारल्यावर तिनं सरळ सांगून टाकलं होतं, की तपासणी केंद्रात बायकांच्या छातीचे फोटो काढते, आत कुठे गाठ वगैरे आहे का ते बघायला. नणंद म्हणाली, "फोटो काढताना त्यांना हसा म्हणतेस का?"

"नाही. श्वास रोखा म्हणते."

त्यावर नणंद जी हसली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तेव्हापासून आज बावीस वर्षं झाली, घरात तिला खऱ्या नावानं कुणी हाक मारलेली नाही. नवरासुद्धा फोटोबाईच म्हणतो, आणि रागावला की 'अहो फोटोबाई'.

नणंदेला सगळे ताई म्हणतात. ताईचा तोरा वेगळाच. ती बोगद्यांची मोजणी करते. डोंगर दोन्ही बाजूंनी एकदम खणायला घेतात आणि दोन्हीकडची माणसं मधोमध अगदी समोरासमोर यावी लागतात. ती तशी येतील की नाही हे ताईच्या तिपाईवरच्या दुर्बिणीवर आणि ताईच्या डोक्यावर अवलंबून. आता ज्या बाईनं डोंगर सरळ केलेत ती घरात कुणाचं काय ऐकणार! भिंतीवर साधी फ्रेम लावायची झाली तरी खिळ्याची जागा ती एकदा स्वतः मोजते आणि एकदा दुसऱ्याकडून मोजून घेते. "एकदाच घेतलेलं माप म्हणजे माप नव्हे, अंदाज," हे तिचं वाक्य घरात सगळ्यांना पाठ आहे.

तिनं लग्न केलं नाही. आईचं दुखणं तिनं एकटीनं काढलं, दोन वर्षं. आईलाही छातीचाच कॅन्सर होता. धाकटा भाऊ, म्हणजे फोटोबाईचा नवरा, तेव्हा शिकत होता, आणि त्याला उलटी बघवत नसे. आई ओकायला लागली की हा घेरी येऊन खाली बसायचा, मग ताईनं आईला धरायचं की याला, असा प्रसंग. त्यामुळे औषध दिल्यानंतरचे ते दिवस निळी प्लॅस्टिकची बादली घेऊन ताई एकटीच आईच्या उशाशी असे. आई गेल्यावर त्या बादलीचं तिनं काय केलं कुणाला माहीत नाही. पुढे एकदाच, लग्न होऊन आलेल्या फोटोबाईजवळ ती बोलली होती. "मला असलं काही झालं ना, तर मला कळायलाच नको. आणि कळलंच, तर माझी बादली कुणी धरायची नाही. सांगून ठेवते."

फोटोबाईनं ते ऐकून घेतलं, पण तिचा धंदाच असा, की ऐकून घेऊन स्वस्थ बसवेना. आई अशी गेलेल्या बाईनं तर चाळिशीपासून दरवर्षी तपासून घ्यायला हवं. गेली पाच वर्षं ती ताईच्या मागे लागली होती आणि ताई पाच वर्षं 'पुढच्या वर्षी' म्हणत होती. या वर्षी ताई एक्कावन्नाची झाली. नव्या बोगद्यावर आठ महिन्यांसाठी निघायची होती. गाडी शनिवारी चार वाजता, आणि काम असं, की मध्ये सुट्टी नाही. फोटोबाई हट्टालाच पेटली, तेव्हा कुठे ताई शुक्रवारी दुपारी यायला तयार झाली. तेही दोन अटींवर. पहिली, फोटो फोटोबाईनंच काढायचे, दुसऱ्या कुणी हात लावलेला चालणार नाही. खरं तर घरच्या माणसाचे फोटो दुसऱ्यानं काढायचे असा केंद्रातला रिवाज होता. फोटोबाईनं तो गुंडाळून ठेवला. दुसरी अट, अहवालाचा कागद नको. "पाठवलास तरी मी उघडणार नाही. मला कागदाची गरजच नाही. मला तुझं ब्लँकेट माहीत आहे."

इथे ब्लँकेटचं सांगायला हवं. तपासणीची खोली मशीनमुळे थंडगार ठेवावी लागते. फोटो काढणारीनं पेशंटला काहीही सांगायचं नाही, हा नियम. चांगलंही नाही नि वाईटही नाही. 'डॉक्टर सांगतील' एवढंच म्हणायचं आणि चेहरा कोरा ठेवायचा. फोटोबाईचा चेहरा इतका कोरा राहतो, की केंद्रात नव्या मुलींना तिचं उदाहरण देतात. पण लग्नानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, जेवताना, गप्पांच्या भरात ती बोलून गेली होती, की चेहरा ऐकतो पण हात ऐकत नाहीत. पडद्यावर काही वाईट दिसलं की हात आपोआप कपाटाकडे जातात, तिथलं करडं ब्लँकेट काढतात आणि त्या बाईच्या खांद्यावर घालतात. त्या बायकांना वाटतं, काय मायाळू बाई आहे! "बाकीच्या कुडकुडल्या तरी चालतात वाटतं तुला?" असं म्हणून सगळे हसले होते. ताईही हसली होती. पण ताई मोजणीवाली, एकदा कानावर पडलेली गोष्ट ती टिपून ठेवते.

शुक्रवारी दुपारी ती केंद्राचा सैल झगा घालून आत आली, खोलीभर नजर फिरवली आणि कोपऱ्यातल्या कपाटाकडे बोट केलं.

"तेच ना ते?"

"काय?"

"वेड पांघरू नकोस. ब्लँकेटचं कपाट. माझा डोळा आहे हं त्याच्यावर." ती हसत होती, पण झग्याची नाडी तिनं दोन गाठी मारून बांधली होती, आणि ती सोडताना तिची बोटं अडखळली.

फोटोबाईनं कामाला सुरुवात केली. एकेक बाजू मशीनच्या फळीवर ठेवायची, वरून पट्टी दाबायची, श्वास रोखा म्हणायचं, काचेमागे जाऊन बटण दाबायचं. असे चार फोटो. ताईनं "तुझ्या मशीनला काही लाजलज्जा?" असं विचारून घेतलं. पहिले दोन निर्मळ. तिसऱ्या फोटोला, डावीकडे वरच्या बाजूला, पडद्यावर एक पांढरा ठिपका आला. ठिपके पुष्कळ असतात. गोल, गुळगुळीत कडेचे ठिपके बघून फोटोबाईनं कधी पापणी लववलेली नाही. याची कड गुळगुळीत नव्हती. कडेनं बारीक पांढऱ्या रेघा चहूकडे फुटल्या होत्या. चौथ्या फोटोत, दुसऱ्या अंगानं, तो तिथेच होता.

तिनं पडद्यावरची मापाची खूण घेतली, ठिपक्याच्या या कडेला एक टिचकी, त्या कडेला एक टिचकी. आकडा आला. दुसऱ्यांदा मोजायला गेली तर बोटं थरथरत होती, म्हणून तिनं हात मागे घेतला.

काचेतून ताई दिसत होती. मशीनपाशी उघड्या अंगानं उभी, थंडीनं दंडावर काटा आलेला, आणि डोळे कपाटावर. फोटोबाईला एकदम खूप वर्षांपूर्वीची एक बाई आठवली, शाळेची बस चालवणारी. तिच्या खांद्यावर हिनं ब्लँकेट घातलं, बाईनं काय ते ओळखलं, आणि डॉक्टरांचं उत्तर येईपर्यंतचे तीन दिवस अन्नाला शिवली नाही. शेवटी निघाली साधी जुनी जखम. ती बाई केंद्रात येऊन फोटोबाईसमोर ओरडली नव्हती, नुसती रडली होती. मग आपण कोण सांगणारे? डॉक्टर सोमवारी येणार. नियम नियम असतो. असं सगळं फोटोबाईनं त्या पाच-सात सेकंदांत मनाशी बोलून घेतलं. त्यातलं एकही खोटं नव्हतं, आणि तरी खरं कारण ते नव्हतंच. ती घाबरली होती. ज्या बाईनं घर उभं ठेवलं तिच्या खांद्यावर ते करडं फडकं घालायची तिची छाती झाली नाही.

ती बाहेर आली. हात कपाटाकडे निघाले होते, ते तिनं ॲप्रनच्या खिशात कोंबले.

"झालं. कपडे घाला ताई. आणि एवढ्या गाठी मारल्यात नाडीला, बोगद्यात अडकला होता का झगा?"

ताई तिच्याकडे बघतच राहिली. मग कपाटाकडे बघितलं, मग परत तिच्याकडे. आणि जी बाई कुणाला सहसा मिठी मारत नाही, वाढदिवसालासुद्धा पाठीवर थाप मारून मोकळी होते, तिनं पुढे होऊन फोटोबाईला कवटाळलं. अंग बर्फासारखं गार होतं. "देव तुझं भलं करो," ती कानात म्हणाली. "पाच वर्षं मी किती भीत होते, तुला कल्पना नाही गं."

फोटोबाईनं हात खिशातच ठेवले. काय बोलणार? आता बोलायचं म्हणजे त्या मिठीतच बोलावं लागलं असतं.

संध्याकाळी ती घरी पोचली तर नवरा आइस्क्रीमचा मोठा डबा घेऊन बसलेला. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासतो, एरवी सहाच्या आत घरी येत नाही. आज लवकर आला होता. ताईचा फोन आला होता म्हणे, 'तुझ्या बायकोनं ब्लँकेट दिलं नाही!' एवढंच म्हणाली आणि हसत सुटली. "तुला सांगतो, कित्येक वर्षांत तिला असं हसताना ऐकलं नव्हतं," तो म्हणाला. त्यानं दोन वाट्या भरल्या. फोटोबाईनं आपली वाटी संपवली. आत काय गेलं, गोड की खारट, तिला कळलं नाही. त्यानं आणखी वाढलं, तेही संपवलं.

शनिवारी केंद्र अर्धा दिवस असतं. तिनं पोचल्या पोचल्या डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या सुट्टीवर होत्या, पण घरून पडद्यावर फोटो बघू शकत होत्या. "बघते आणि सांगते," म्हणाल्या. हे नऊ वाजता झालं. दहा वाजले. साडेबारा वाजले. मधल्या वेळात फोटोबाईनं तीन बायकांचे फोटो काढले आणि तिघींनाही न विसरता 'डॉक्टर सांगतील' म्हणाली. एकला फोन वाजला.

"सोमवारी आण तिला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणखी फोटो लागतील आणि सुईनं तुकडा घ्यावा लागेल. मी तिला दोनदा फोन केला, उचलत नाही."

"अनोळखी नंबर उचलत नाहीत त्या. आज चारला आठ महिन्यांसाठी निघाल्यात."

"मग तू घरची म्हणून जा. पण काय आहे ते सांगू नकोस. ते आपल्याला अजून माहीत नाही, मलाही नाही."

फोटोबाईनं कपाट उघडलं, ब्लँकेट काढलं, घडी करून काखेत मारलं आणि निघाली. पाठीमागून नवी मुलगी म्हणाली, "अहो, ते केंद्राचं आहे!" फोटोबाईनं वळून बघितलं नाही.

वाटेत तिनं दहा प्रकारे वाक्यं जुळवली. मशीन बिघडलं होतं, फोटो पुसट आले, पुन्हा काढू. हे एक चांगलं वाटलं. पण बावीस वर्षांत फोटोबाईचा फोटो पुसट आल्याचं ताईनं ऐकलं नव्हतं, आणि ताईला थाप मारायची म्हणजे ती दोन बाजूंनी जुळवून मारावी लागते. ताईच्या घराचा जिना चढताना सगळी वाक्यं गळून पडली. उरलं ते ब्लँकेट.

दार ताईनंच उघडलं. मागे खोलीत बॅगा रांगेत, प्रत्येकीवर चिठ्ठी, आणि दुर्बिणीच्या पेटीला पट्टे आवळायचं काम मदतीला आलेल्या फोटोबाईच्या नवऱ्याकडे. ताईच्या तोंडात पेनाचं टोपण होतं. "आलीस का? बरं झालं, धाकट्याला पट्टा नीट—" आणि तिची नजर फोटोबाईच्या काखेत गेली.

टोपण तिनं हळूच तोंडातून काढलं.

"हे काय?"

फोटोबाईनं ब्लँकेट दोन्ही हातांत धरलं, एवढंच.

"काल कुठे होतं हे?"

"कपाटात."

"काल मी त्या कपाटाकडे बघत होते."

"माहीत आहे."

"म्हणजे मी बघतेय हे तुला दिसत होतं."

"हो."

"आणि दिलं नाहीस. वर नाडीवरून चेष्टा केलीस माझी."

"हो ताई."

नवरा आळीपाळीनं दोघींकडे बघत होता. समजायला त्याला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा तो होता तिथेच मटकन बसला. "पेटीवरून ऊठ," ताई त्याच्याकडे न बघता म्हणाली, "त्यात दुर्बीण आहे." तो उठला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. तोंड पांढरंफटक पडलं होतं.

ताई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती वळली आणि बॅग भरायला लागली. मोजे, विजेरी, वह्या. "मला मिठी मारू दिलीस तू," ती बॅगेशी बोलल्यासारखी बोलली. "रात्री मी पोटभर जेवले. चार जणांना फोन केले. मूर्खासारखी हसत होते."

"मी भ्याले," फोटोबाई म्हणाली. "दुसरं काही कारण नाही. नियमबियम म्हणजे बहाणा. मी तुम्हाला भ्याले."

"भ्यायचं कुणी? तू की मी?"

फोटोबाईनं सांगायचं ते सांगितलं. डॉक्टरांनी सोमवारी बोलावलंय, आणखी फोटो काढतील, तुकडा घेतील, कदाचित काहीच नसेल.

"कदाचित," ताई म्हणाली. "आईलाही कदाचितच म्हणाले होते." तिनं बॅगेची चेन लावली. ती अडकली, तर तिनं ती ओढून लावली. "मी आठ महिन्यांनी येईन. तेव्हा बघू काय असेल ते. गाडी चारला आहे."

"ताई, असं नको गं करू," नवरा म्हणाला.

"तू गप. तुला तर नुसतं ऐकूनच घेरी येते." मग जरा थांबून, "मी सांगून ठेवलं होतं. तुझ्या बायकोला. मला कळायला नको होतं."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन झाले होते. फोटोबाई ब्लँकेट घेऊन तशीच उभी. इतकी हताश ती आयुष्यात कधी झाली नव्हती. पाय धरावेत, दार अडवून बसावं, काय वाटेल ते करावं असं तिला वाटलं, पण ताईपुढे त्यातलं काही चाललं नसतं. तीन वाजता गाडीवाल्याचा फोन आला, की अर्ध्या तासात खाली येतो. ताई 'बरं' म्हणाली. दुर्बिणीच्या पेटीचे पट्टे धाकट्यानं ढिले ठेवले होते, ते तिनं पुन्हा आवळले. आवळता आवळता, मान वर न करता, तिनं विचारलं,

"किती आहे?"

"काय?"

"माप. किती मिलिमीटर? आता डॉक्टर सांगतील म्हणालीस तर थोबाडीत मारीन."

बावीस वर्षांत फोटोबाईनं हा आकडा कुठल्याही बाईला सांगितला नव्हता. "अकरा."

"कुणी मोजलं?"

"मी."

"किती वेळा?"

फोटोबाई ब्लँकेटची घडी नीट करायला लागली.

"किती वेळा मोजलंस?"

"एकदा. दुसऱ्यांदा हात कापायला लागला."

ताईचे हात पट्ट्यावर थांबले. कितीतरी वेळ ती तशीच उकिडवी बसून राहिली. मग म्हणाली, "एकदा."

"हो."

"आणि दुसऱ्या कुणी?"

"डॉक्टरांनी बघितलं. नीट मोजतील त्या सोमवारी. आणखी फोटो काढून."

"म्हणजे तुझं हे माप नव्हे."

"नाही ताई. अंदाज आहे."

ताईनं पेटीवर हात टेकला आणि हळूहळू उभी राहिली. ती खिडकीशी गेली, खाली रस्त्याकडे बघत राहिली. तिथून बोलली तेव्हा आवाज नेहमीचा होता, जरासा कोरडा. "अशा एका मापावर मी कुणाला कुदळ मारू देत नाही. माझी माणसं मला हसतील." तिनं फोन उचलला. गाडीवाल्याला सांगितलं, की फक्त सामान न्यायचं आहे, दुर्बिणीची पेटी आडवी ठेवू नकोस. मग साहेबांना फोन लावला. "मी आज येत नाही. सोमवारी एक माप परत घ्यायचं आहे. नाही, तिकडचं नाही. इकडचं." पलीकडून काही विचारलं गेलं असावं. "नंतर सांगते," म्हणून तिनं फोन ठेवला.

ब्लँकेट तिनं घेतलं नाही. "ते घेऊन जा, केंद्राचं आहे," म्हणाली. फोटोबाईवरचा राग गेला नव्हता, आणि तो जावा असं फोटोबाईलाही वाटत नव्हतं.

सोमवारी आत नवी मुलगी होती. फोटोबाईला पहिल्यांदाच बाहेरच्या खुर्चीत बसावं लागलं, आणि आपल्या केंद्रातल्या खुर्च्या किती टणक आहेत हे तिला बावीस वर्षांनी कळलं. आत जाण्याआधी भरायचा कागद ताईनं मांडीवर घेऊन भरला, कोरीव अक्षरात, एकही खाडाखोड न करता. 'सोबतीचं माणूस' असा एक रकाना होता. तिथे तिनं पट्टीनं मारावी तशी सरळ आडवी रेघ मारली. फोटोबाई शेजारच्या खुर्चीत होती. रेघ तिला स्पष्ट दिसली. कुणी तोंडात मारल्यासारखं तिला झालं. सुई टोचून ताई बाहेर आली तेव्हा तिच्या खांद्यावर ब्लँकेट नव्हतं. नव्या मुलीला ती सवय नव्हती.

पुढचे तीन दिवस ताईनं घरातले सगळे खण साफ केले. धाकटा रोज दुकानातून दोनदा फोन करायचा आणि 'काय करतेयस' एवढंच विचारायचा. ताई 'श्वास घेतेय' म्हणायची आणि ठेवून द्यायची.

गुरुवारी डॉक्टरबाईंच्या खोलीत तिघं बसले. मधे ताई, डावीकडे भाऊ, उजवीकडे फोटोबाई. डॉक्टरबाईंनी उगाच पाल्हाळ लावलं नाही. "कॅन्सर आहे," त्या म्हणाल्या. "लहान आहे. काखेतल्या गाठींपर्यंत गेलेला दिसत नाही. ऑपरेशन करू, मग औषधं आणि किरणं. आठ महिन्यांनी आला असतात तर मी असं बोलू शकले नसते."

बाहेर कुणीतरी खुर्ची सरकवली. भावानं खिशातून रुमाल काढला आणि तो नुसता हातात धरून बसला. फोटोबाईनं शब्द ऐकले होते. हे शब्द ती इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकत आली होती; या खोलीत बसून पहिल्यांदाच.

ताईचे दोन्ही हात मांडीवर, सरळ. "माप?" तिनं विचारलं.

डॉक्टरबाईंनी कागद बघितला. "बारा मिलिमीटर."

"दोनदा घेतलंत?"

"तीनदा."

ताईनं मान हलवली. मग उजवीकडे वळून फोटोबाईकडे बघितलं. शनिवारनंतर पहिल्यांदाच, नीट. "एक मिलिमीटर चुकलीस तू," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. ती रडत नव्हती, पण पुसतही नव्हती.

"चुकले," फोटोबाई म्हणाली. कालचं, परवाचं, शुक्रवारचं, सगळंच तिनं त्यात घातलं.

"सोमवारी मी भरला होता तो कागद आहे का तुमच्याकडे?" ताईनं डॉक्टरबाईंना विचारलं. कागद आला. जन्मात कधी खाडाखोड न केलेल्या बाईनं त्या रेघेवर आणखी एक रेघ मारून ती खोडली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'फोटोबाई'. डॉक्टरबाईंनी वाचलं. पूर्ण नाव लिहा असं त्यांना म्हणायचं असावं, पण त्या म्हणाल्या नाहीत.

"धाकट्यानं जेवण आणायचं, गाडी बघायची, बिलं भरायची," ताई पेनाला टोपण लावत म्हणाली. "औषधाच्या दिवशी त्यानं खोलीत यायचं नाही. नाहीतर माझं राहील बाजूला आणि त्यालाच कांदा हुंगवत बसावं लागेल." भाऊ हुंदका देता देता हसला. पुढचं वाक्य तिला जड जात होतं, ते दिसत होतं. ओठ दोनदा हलले. "ते दुसरं," ती फोटोबाईला म्हणाली, "ते तू करायचंस. बादली धरायचं."

"धरीन."

"नवी घे," ताई म्हणाली. "निळी नको."